पाचशे गिलचं पीस

'फायनल फँटसी' या जपानी गेममालिकेत मेलेल्याला उठवायची सोय पिशवीतच असते. सहाव्या भागात ती पाचशे गिलला मिळते. गिल हे तिथलं चलन आणि वस्तू म्हणजे फिनिक्स पक्ष्याचं पीस. लढाईत सोबती आडवा झाला की यादी उघडायची, पीस निवडायचं, बटण दाबायचं. गडी पुन्हा उभा. खेळणाऱ्याला पहिल्या दोन-चार तासांतच याची सवय होते. मरण ही किरकोळ खर्चाची बाब होऊन बसते.

आणि याच मालिकेतल्या मरणांपायी जगभरातली पोरं रडली. लहान मुलंच नव्हेत, कॉलेजातले बाप्येसुद्धा. जिथे मरण दुकानातल्या मालाने परतवता येतं, तिथे मरणाचं दुःख उभं करायचं कसं? 'फायनल फँटसी' काढणाऱ्या स्क्वेअर कंपनीतल्या मंडळींनी साधारण दहा वर्षांत हा पेच कसकसा सोडवला, हे मला कथेइतकंच रंजक वाटतं. त्याला कारण माझा धंदा. मी नाटकांचं संगीत संचालन करते. म्हणजे चाली लावत नाही. विंगेत बसून क्यू आला की बटण दाबते. अर्धा सेकंद आधी दाबलं तर नटाचं वाक्य खाल्लं जातं, अर्धा सेकंद उशीर झाला तर हुंदका निसटतो. लोकांना रडवण्यात कारागिरी किती आणि भावना किती, याचा हिशेब या खुर्चीत बसलं की आपोआप सुरू होतो.

हे गेम आमच्यापर्यंत उशिरा आणि आडवाटेने पोचले. नव्वदच्या दशकात आमच्याकडे व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा चिनी डबा, त्यात खुपसायची पिवळी कॅसेट आणि त्यात मारिओ नाहीतर कॉन्ट्रा. उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या. बसून वाचायचा, पात्रांशी बोलायचा, चाळीस-पन्नास तास चालणारा गेम असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पुढे पुण्याच्या हॉस्टेलात एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी सीडीतून 'झेडस्नेस' आलं. सुपर निन्टेंडोची नक्कल करणारा हा प्रोग्रॅम. एफ-टू दाबलं की खेळ आहे तिथे जतन होतो, एफ-फोर दाबलं की पुन्हा त्या क्षणी परत. म्हणजे गेमच्या पिसावर आमचं आणखी एक पीस. त्या सीडीत 'फायनल फँटसी'चा सहावा भाग होता, आणि अमेरिकेत तो तिसरा म्हणून विकला गेला असल्यामुळे पडद्यावर तीनचा आकडा होता.

मागचा इतिहास थोडक्यात सांगते. जपानमध्ये 1986 साली एनिक्स कंपनीचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला आणि घराघरांतल्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर रोल-प्लेइंग गेमची लाट उसळली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1987 मध्ये, स्क्वेअरच्या हिरोनोबु साकागुची यांनी पहिला 'फायनल फँटसी' काढला. त्यात मेलेला सोबती उचलून गावात न्यायचा, दाम मोजायचे, की तो जिवंत. 1988 च्या दुसऱ्या भागात फिनिक्सचं पीस आलं. गंमत अशी, की त्याच भागात कथेने सोबत्यांना मारायलाही सुरुवात केली. तिघे नायक कायमचे आणि चौथ्या जागेवर येणारे-जाणारे. त्यातला जोसेफ नावाचा गरीब बाप बर्फाच्या गुहेत गडगडत येणारा धोंडा स्वतःच्या अंगावर झेलतो, बाकीच्यांना वाचवतो आणि संपतो. पिशवीत पिसं असतात, पण जोसेफसाठी यादी उघडतच नाही. तिथे कुणी खुलासाही करत नाही. लढाईतलं मरण वेगळं, गोष्टीतलं मरण वेगळं, असा मुकाट करार खेळाडूने मान्य करायचा.

ही अडचण एकट्या स्क्वेअरची नव्हती. 1989 साली सेगाच्या 'फँटसी स्टार २' मध्ये मेलेल्यांना पैसे घेऊन पुन्हा घडवणारी प्रयोगशाळा गावोगावी होती. तरीही नेई ही सुरुवातीपासून बरोबर असलेली मुलगी मरते, आणि त्या प्रयोगशाळेत तिचं काही होऊ शकत नाही. ज्यांनी तो गेम खेळला ते नेईचं नाव अजून काढतात.

1991 च्या चौथ्या भागात स्क्वेअरने या कराराला पहिल्यांदा हात घातला. पॅलोम आणि पोरोम ही जुळी भावंडं, जादू शिकणारी चिमुरडी. सापळा लागतो, दोन्हीकडच्या भिंती सरकत जवळ येऊ लागतात, तेव्हा ही दोघं स्वतःला दगड करून घेतात आणि भिंती अडवतात. बरोबरचा म्हातारा टेला त्यांच्यावर उतारा टाकून बघतो. दगड झालेल्याला माणूस करणारा हा मंत्र खेळाडूने तोवर स्वतः वापरलेला असतो. इथे तो चालत नाही, कारण पोरांनी हे आपल्या मर्जीने केलंय. नियम आहे, औषध आहे, लागू पडत नाही, आणि का नाही तेही कळतं. पण पुढे ही जुळी परत येतात, मेले असं वाटलेले आणखी काही जणही परत येतात. डोळे पुसलेल्या माणसाला आपण फसलो असं वाटतं.

पुढचं पाऊल 1992 च्या पाचव्या भागात पडलं. त्याच्या कथेवर साकागुचींबरोबर योशिनोरी कितासे हा तरुण होता. निहोन विद्यापीठात सिनेमाचं शिक्षण घेतलेला, 1990 साली स्क्वेअरमध्ये आलेला. पाचव्या भागात गलुफ हा आजोबा आहे. नात क्राइल आगीच्या वेढ्यात सापडते तेव्हा तो एकटाच खलनायकासमोर उभा राहतो. लढाई नेहमीसारखीच दिसते, फक्त गलुफचा जीव दाखवणारा आकडा शून्यावर येतो आणि तो पडत नाही. शून्य झालं की माणूस आडवा होतो, हा त्या जगाचा सगळ्यात पक्का नियम. म्हातारा शून्यावर लढत राहतो. शत्रू पळाल्यावर तो कोसळतो, आणि मग सोबती एकामागून एक उपाय करतात: बरं करायचे मंत्र, जिवंत करायचा मंत्र, फिनिक्सचं पीस, सगळ्यात महागडं अमृत. काहीही चालत नाही. जोसेफच्या वेळी खेळाडूच्या मनात जो प्रश्न आला होता, तो इथे लेखकाने पात्रांच्याच हातून विचारून घेतला. गलुफ परत येत नाही. त्याने कमावलेली विद्या आणि अनुभव नातीच्या खात्यावर जमा होतो आणि गटातली त्याची जागा ती घेते. इतक्या कोरड्या हिशेबातून वारसा दाखवता येतो, हे मला नाटकात कुठे बघायला मिळालं नव्हतं.

मग आला सहावा भाग, 2 एप्रिल 1994 ला, सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे जपानमधल्या सुपर निन्टेंडोवर. दिग्दर्शक कितासे आणि हिरोयुकी इतो, निर्माते साकागुची, संगीत नोबुओ उएमात्सु. सगळा गेम तीन मेगाबाइटचा. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तेवढा भरतो. पात्रं सोळा ठिपके रुंद आणि चोवीस ठिपके उंच. त्यांना नजर नाही, ओठ नाहीत. काझुको शिबुया यांनी रेखाटलेल्या त्या बाहुल्यांच्या हातात मोजक्याच मुद्रा: मान खाली घालणं, हात वर करणं, दचकणं, बोट हलवणं. एवढ्यावर चौदा पात्रांचं नाटक उभं केलंय. मान खाली घालण्याची मुद्रा तर इतकी नेमकी वापरली आहे, की आमच्या काही नटांना ती मुद्दाम दाखवावी असं वाटतं.

यात एक ऑपेरा आहे. नायक मंडळींना विमान हवंय आणि ते आहे सेट्झर या जुगाऱ्याकडे. सेट्झरने मारिया या गायिकेला भर प्रयोगातून पळवून न्यायची चिठ्ठी पाठवली आहे. तेव्हा मारियाच्या जागी दुसरी बाई उभी करायची, तिला पळवू द्यायचं आणि तिच्यामागून विमानात शिरायचं, असा बेत ठरतो. सेलीस दिसायला मारियासारखी. ती शत्रू साम्राज्याची माजी सेनापती. गाणंबिणं आपलं काम नाही म्हणून आधी फणकारते, आणि जरा वेळाने एकटीच रियाझ करताना ऐकू येते. आमच्या भाषेत ऐनवेळची रिप्लेसमेंट.

मेकअप रूममध्ये लॉक हा सोबती तिला भेटायला येतो. लॉकने तिला कैदेतून सोडवलेलं असतं. कशासाठी, असं ती विचारते. कारण आहे रेचेल. त्याच्यासोबत असताना रेचेलला अपघात होऊन तिची स्मृती गेली, तो गाव सोडून गेला आणि तो नसताना साम्राज्याच्या हल्ल्यात ती मारली गेली. मी तिची बदली आहे का, असा सेलीसचा रोख आहे. लॉक त्याला सरळ उत्तर देत नाही, ती छान दिसतेय एवढं म्हणतो. नाटकातल्या मारियाची बदली, आयुष्यातल्या रेचेलची बदली, आणि तिसरी घंटा होत आलेली. हा प्रवेश एखाद्या संगीत नाटकात असता तर तिथे पद आलंच असतं. इथेही पद येतं.

ते खेळाडूलाच गायचं असतं. मेकअप रूममध्ये संहिता ठेवलेली असते, ती वाचून ओळी पाठ करायच्या. रंगमंचावर गाणं सुरू झालं की मध्येच दोन ओळींपैकी योग्य ती निवडायची. चुकलात तर प्रयोग थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून. मग ड्रॅको या प्रियकराच्या आभासाबरोबर पावलं टाकायची, गुच्छ घेऊन जिना चढायचा, सज्जातून तो सोडून द्यायचा. सुपर फॅमिकॉमच्या आवाजाच्या चिपला एका वेळी आठच आवाज काढता येत आणि तिची स्मृती 64 किलोबाइट. त्यात गायलेले शब्द मावणं शक्य नव्हतं. म्हणून उएमात्सुंनी माणसाच्या गळ्यासारखा भासणारा सूर वाद्यासारखा वाजवला आणि शब्द खाली पडद्यावर उमटत गेले. पुढे त्याच वर्षी मिलानच्या वाद्यवृंदाने या संगीताचा अल्बम केला आणि ते पद इटालियनमध्ये गायलं गेलं. 2022 च्या नव्या आवृत्तीत तर गेममध्येच अनेक भाषांतले गायक आहेत. ते चांगलं गातात. पण आठ आवाजांच्या त्या गाण्यात शब्द मनातल्या मनात गाणारा माणूस खेळाडू असे, आणि नुकतंच पाठांतर करून विंगेतून पाऊल टाकणाऱ्या सेलीसची धाकधूक त्याला फुकटात मिळे.

हा प्रवेश संपतो कसा? अल्ट्रोस नावाचा आचरट ऑक्टोपस छतावरून सेलीसच्या डोक्यावर वजन टाकायच्या तयारीत असतो. पाच मिनिटांत वरच्या तुळयांवरून धावत जाऊन त्याला गाठायचं असतं, आणि सगळे धाडकन रंगमंचावर कोसळतात. नाटक मंडळीचा मालक तशातही प्रयोग सांभाळून घेतो. करुणाला लागून फार्स, ही कितासेंची खोड. सायनच्या गोष्टीत ती अजून धीट होते.

सायन हा डोमा राज्याचा सरदार. केफ्का हा विदूषकी खलनायक नदीत विष कालवतो आणि राजवाडा मरतो. सायनची बायको आणि लहान मुलगा त्यात असतात. पुढे जंगलात तो, साबिन आणि बाकीचे चुकून मेलेल्यांना परलोकी नेणाऱ्या आगगाडीत चढतात. गाडीशी लढाई होते. साबिन मल्लविद्येत तरबेज, तो अख्खं इंजिन उचलून आपटू शकतो; हसून पुरेवाट होते. पण दुसराही उपाय आहे. ही गाडी मृतांची, म्हणून जिवंत करणारं औषध तिच्यावर उलटं चालतं. फिनिक्सचं एक पीस फेकलं की गाडी जागच्या जागी खलास. खेळाडू खूश होतो, फलाटावर उतरतो, आणि मग सायनला दिसतं की त्याची बायको आणि मुलगा त्याच गाडीत चढत आहेत. बायको म्हणते, विसरू नका. मुलगा म्हणतो, तलवार शिकून आईला सांभाळीन. गाडी सुटते आणि सायन फलाटाच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर पळतो. जे पीस आपण आत्ताच विनोदाने उधळलं, ते या दोघांसाठी कुठे वापरायचं हे विचारायला यादीत जागा नाही.

अर्ध्यावर केफ्का जग उद्ध्वस्त करतो, खरोखरच करतो. नकाशा बदलतो, सोबती पांगतात. वर्षभराने सेलीस एका ओसाड बेटावर जागी होते. जवळ फक्त म्हातारा सिड, तिला लहानाचं मोठं केलेला शास्त्रज्ञ, आता आजारी. पिशवी जुनीच आहे, तिच्यात पिसंही आहेत. सिडवर ती चालत नाहीत. त्याला मासे द्यायचे, एवढंच आपल्या हातात. किनाऱ्यावर उभं राहायचं, संथ पोहणारा मासा सोडून द्यायचा, चपळ मासा पकडायचा, झोपडीत न्यायचा, परत यायचं. संथ मासे आजारी असतात हे कुणी सांगत नाही. पहिल्यांदा खेळणारे बहुतेक जण हाती लागेल तो मासा नेतात आणि सिड मरतो. मग सेलीस कड्यावर जाते आणि जगायचं नाकारते. ती वाचते, किनाऱ्याला लागते, आणि तिथे तिला एक पक्षी दिसतो. त्याच्या अंगावर लॉकचा रुमाल बांधलेला असतो. कुठेतरी लॉक जिवंत आहे, एवढ्या धाग्यावर ती उठून निघते. ऑपेरा आणि हा कडा, दोन्ही प्रवेश कितासेंनीच लिहिलेले.

आमच्या हॉस्टेलात एफ-फोर दाबून सिडला वाचवणारी एक मैत्रीण होती. तिने चपळ मासे वेचून नेले, म्हातारा उठून बसला, त्याने तराफा दाखवला आणि सेलीस हसतमुखाने समुद्रावर निघाली. कडा नाही, पक्षी नाही. कुशल खेळाडूच्या वाट्याला सौम्य गोष्ट येते आणि चुकणाऱ्याला सेलीसची खरी गोष्ट मिळते, ही त्या लिखाणातली हुशारी. एवढ्या वर्षांत मला भेटलेल्या खेळाडूंपैकी सिडला वाचवल्याची फुशारकी मारणारे थोडे, पण तो मेल्याचं सांगताना आवाज खाली जाणारे पुष्कळ.

आणि मग रेचेल. लॉकने तिचं शरीर एका म्हाताऱ्याच्या काढ्यांवर जपून ठेवलेलं असतं. मेलेल्याला परत आणणाऱ्या एका पौराणिक खजिन्याच्या शोधात तो वर्षानुवर्षं भटकतोय. तो खजिना म्हणजे स्वतः फिनिक्स, ज्याचं एक पीस आपण पाचशे गिलला घेतो. दोन गट करून अवघड गुहा पार केली की लॉक भेटतो. त्याच्या हाती लागलेला फिनिक्सचा स्फटिक तडकलेला आहे. तरी तो प्रयत्न करतो. रेचेल उठते, काही वाक्यांपुरती. त्याचे आभार मानते, आता मनात जी आहे तिच्यावर प्रेम कर असं सांगते, आणि जाते. दुकानातलं पीस रोज जे करतं, ते अख्ख्या पक्ष्याला रेचेलसाठी पुरतेपणी जमत नाही. या प्रवेशात लेखकाने नियम मोडला असं वाटतच नाही. नियमाचा आवाकाच एवढा होता, हे कळतं. शिवाय लॉकला शोधायची सक्तीही नाही. त्याच्याविना थेट शेवटच्या लढाईला जाता येतं. रेचेलचा निरोप बघायचा की नाही, हेही खेळाडूवर सोडलंय.

हे सगळं गाठीशी बांधून कितासेंनी सातवा भाग केला. 31 जानेवारी 1997, प्लेस्टेशन, तीन सीडी. एरिथ ही फुलं विकणारी मुलगी, बरं करण्याच्या विद्येत सगळ्यांत पुढे, म्हणून बहुतेकांनी तिला गटात कायम ठेवलेली. पहिल्या सीडीच्या शेवटी ती एका प्राचीन नगरीत प्रार्थना करत बसलेली असते. नायक क्लाउडवर खलनायक सेफिरॉथचा प्रभाव आहे. इथे खेळाडूने कुठलंही बटण दाबलं, की क्लाउड तिच्या दिशेने तलवार उचलू लागतो. सोबती ओरडतात, तो थांबतो. आपण श्वास सोडतो, आणि तेवढ्यात सेफिरॉथ वरून येतो.

बटण दाबणाऱ्या माझ्यासारखीला यापुढचं सगळ्यात विलक्षण वाटतं. लगेच मोठी लढाई सुरू होते आणि लढाईचं संगीत येत नाही. एरिथची धून चालूच राहते. माझ्या प्रयोगात असं झालं असतं तर क्यू चुकला म्हणून कुणीतरी विंगेत धावत आलं असतं. इथे तोच क्यू आहे. हातांनी सवयीचं काम करायचं आणि कानाने ते काम ऐकूच द्यायचं नाही. तीनशे गिलला मिळणारी पिसं पिशवीत पडून असतात. सिनेमातल्या थोर बलिदानासारखं मरण आपल्याला नको होतं, खऱ्या आयुष्यात ते अचानक येतं आणि मागे पोकळी ठेवतं, अशा अर्थाचं कितासे यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. मला त्यात गलुफचा आकडा, सिडचे मासे आणि रेचेलचा स्फटिक सगळे दिसतात. त्यांच्याशिवाय एरिथ इतकी खोल लागली नसती.

एरिथला परत आणायची गुप्त युक्ती आहे, ही अफवा वर्षानुवर्षं फिरत राहिली. कुणी म्हणे अमुक ठिकाणी अमुक फूल द्यायचं, कुणी म्हणे अमुक लेव्हल गाठायची. 29 फेब्रुवारी 2024 ला या कथेच्या नव्या रूपाचा दुसरा भाग आला, तो नेमका त्याच नगरीपर्यंत येऊन थांबतो, आणि 'यावेळी ती वाचेल का' हाच लोकांचा पहिला प्रश्न होता. चेहऱ्याची शीर न् शीर दिसते आता, पात्रांना आवाज आहेत, पण 1997 च्या ठोकळ्यांनी विचारलेला प्रश्न त्यांना ओलांडता आलेला नाही. अफवेच्या मागे धावलेल्या पोरांना भाबडी म्हणायला मी तयार नाही. मेलेला माणूस उठतो हे त्यांना याच मालिकेने, प्रत्येक लढाईत, दहा वर्षं शिकवलं होतं; त्यांनी फक्त शिकवलेलं खरं मानलं.